लोणी काळभोरहून घारापुरी : मोटारींविना एक दिवस

सोलापूर रस्त्याच्या कडेनं राहणाऱ्या माणसाला वाहनांचं वेगळं काही सांगावं लागत नाही. इंधन डेपोबाहेर लागलेले टँकर, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, कॉलेजच्या बस, कामाच्या वेळेला हडपसरकडे निघालेली दुचाकींची रांग. रस्ता ओलांडताना मुलांचा हात घट्ट धरणं आता लोणीतल्या आईवडिलांच्या अंगवळणी पडलंय. सुट्टीत लोणावळ्याला किंवा महाबळेश्वरला जावं, तर तिथंही अर्धा दिवस घाटातल्या कोंडीत आणि गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. म्हणून एका दिवसाच्या सहलीचं नाव कुणी विचारलं, की मी घारापुरी सांगतो.

मुंबईच्या समुद्रातलं हे बेट एलिफंटा लेण्यांसाठी जगभर माहीत आहे. पण ते एक नांदतं गाव आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या, त्यांची एक ग्रामपंचायत, तालुका उरण, जिल्हा रायगड. गेटवे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे साधारण १० किलोमीटर. बेटावर मोटारी नाहीत. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत जाणारी छोटी झुकझुक गाडी सोडली, तर बाकी सगळं पायी. तांदळाचं पोतं, सिमेंट, गॅसची टाकी, सगळं बोटीनं येतं आणि पुढं माणसांच्या डोक्याखांद्यावरून जातं.

बहुतेक पर्यटक बोटीतून उतरतात, लेणी बघतात, फोटो काढतात आणि दोन तासांत परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. निम्मा वेळ लेण्यांना द्या आणि निम्मा गावाला. मग हा दिवस लक्षात राहतो. त्यासाठी आखणी नीट हवी, कारण लोणीहून जाऊन रात्री घरी परतायचं तर प्रवासातच बरेच तास जातात.

कोणता दिवस, कोणता महिना

सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा तो दिवस आधी खोडा. रविवारी बेटावर तुफान गर्दी असते, शिवाय मुंबईच्या लोकल मार्गांवर मेगाब्लॉक असतो आणि त्याचा फटका कधीकधी पुण्याच्या गाड्यांनाही बसतो. मंगळवार ते शुक्रवारातला एखादा दिवस सर्वांत चांगला. नोकरदारांनी शनिवार धरावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून दमट उकाडा वाढतो आणि पायऱ्या चढताना जीव नकोसा होतो. उन्हाळ्यात बेटावर पाण्याचीही टंचाई असते. पावसाळ्यात बेट हिरवंगार दिसतं, पण जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, बोटी कधी सुटतात, कधी नाही. इतक्या लांबून जाऊन गेटवेवरून हात हलवत परत यायचं नसेल, तर पावसाळा टाळा. महाशिवरात्रीला इथं आसपासच्या गावांतले भाविक मोठ्या संख्येनं येतात. तेव्हा जायचं तर ती गर्दी बघायला म्हणूनच जा, निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका.

लोणी ते गेटवे

स्वतःची गाडी घेऊन जायचा मोह आवरा. पहाटेचा एक्स्प्रेस वे, मुंबईत शिरतानाची कोंडी आणि कुलाब्यात पार्किंगची शोधाशोध, या सगळ्यात बोटीची वेळ हुकते. शिवाय दिवसभर पायी फिरलेल्या माणसाला रात्री घाटातून गाडी चालवायला लावणं योग्य नाही. आगगाडीच बरी.

पुण्याहून सकाळी सहाच्या सुमारास सिंहगड एक्स्प्रेस सुटते आणि दहाच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. सव्वासातची दख्खनची राणी साडेदहाच्या आत पोचवते. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या गाडीचं आकर्षण मोठं आहे, पण बेटावर जास्त वेळ हवा असेल तर सिंहगडच पकडा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र राणीनं जा, पहाटे तासभर झोप जास्त मिळते.

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही एकदमच काढा. सेकंड सीटिंगचं तिकीट एका बाजूला शंभर-सव्वाशे रुपयांच्या घरात पडतं. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपवर एकदा खात्री करून घ्या.

खरा प्रश्न लोणीहून पुणे स्टेशन गाठण्याचा. लोणी स्टेशनवर दौंड-पुणे गाड्या थांबतात, पण पहाटेच्या गाडीशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही. दुचाकीनं किंवा ठरवलेल्या रिक्षानं पावणेपाचला निघा. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, तरी कवडीपाट ते हडपसर या पट्ट्यात रात्रभर धावलेले अवजड ट्रक असतात, तेव्हा सांभाळून. दुचाकी स्टेशनच्या पे अँड पार्कमध्ये लावली, की रात्री परतताना बसची वाट बघावी लागत नाही.

टर्मिनसवरून गेटवे अडीच-तीन किलोमीटर. चौघं असाल तर टॅक्सी परवडते, बेस्टची बसही मिळते. हवा चांगली असेल तर फोर्टातल्या जुन्या इमारती बघत अर्ध्या-पाऊण तासात पायीही पोचता येतं, पण जाताना वेळ वाचवा आणि ही हौस परतीच्या वेळी भागवा.

बोटीत बसण्यापूर्वी

गेटवेजवळच्या तिकीट खिडकीवरूनच जाण्यायेण्याचं तिकीट घ्या. अडीचशे-तीनशे रुपये माणशी धरा. रस्त्यात ‘स्पेशल बोट’ म्हणून गाठणाऱ्यांच्या नादी लागू नका. तिकिटाचा परतीचा भाग जपून ठेवा, संध्याकाळी तो दाखवावा लागतो. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे बोटीतच वेगळे घेतात. सकाळी नऊपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत बोटी सुटतात आणि पलीकडे पोचायला साधारण तास लागतो.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची एक स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट घाला असं कुणी सांगायची वाट बघू नका. चढल्याबरोबर स्वतः घाला, मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्या, पट्टे आवळून बघा. बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढच्या बोटीनं जा. अर्धा तास उशिरानं काही बिघडत नाही. कठड्यावर चढून सेल्फी काढणाऱ्या पोरांना आपल्या गटातल्या मोठ्यानं तिथंच थांबवावं.

बोटीतून बघण्यासारखं बरंच असतं. वाटेत जवाहर द्वीप लागतं, जुनं नाव बुचर आयलंड. तिथं कच्च्या तेलाची मोठी जहाजं लागतात आणि ते तेल माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जातं. तिथून निघालेली हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन आपल्या लोणीच्या डेपोत पोचते. आपल्या दारातले टँकर ज्या साखळीचा शेवट आहेत, तिची सुरुवात इथं पाण्यात दिसते. मुलांना हे दाखवा. भूगोलाच्या पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर उभा राहील. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू दिसतो आणि पूर्वेला न्हावाशेवा बंदराच्या उंच क्रेन.

धक्का, पायऱ्या आणि तिकिटं

बोट धक्क्याला लागली की समोर लांबलचक जेटी असते. छोट्या गाडीचं तिकीट स्वस्त आहे, मुलांना मजा वाटते आणि गुडघ्यांना त्रास असणाऱ्यांची सोय होते. बाकीच्यांनी चालत जावं. भरती ओसरलेली असेल तर दोन्ही बाजूंना चिखलात टेकलेल्या होड्या, खारफुटीची मुळं आणि त्यातून खाणं शोधणारे बगळे दिसतात. दहा-पंधरा मिनिटांचं चालणं आहे.

ग्रामपंचायत प्रत्येक पर्यटकाकडून अगदी थोडा कर घेते. तो खळखळ न करता द्या. रोज बाहेरून येणाऱ्या माणसांचा कचरा हे छोटं गाव उचलतं.

पुढं सुमारे १२० पायऱ्या आहेत. चढ फार नाही, पण दोन्ही बाजूंच्या दुकानांमुळे चाल मंदावते. दगडी हत्ती, माळा, टोप्या, पिशव्या असं काय काय मांडलेलं असतं. खरेदी उतरताना करा, ओझं घेऊन चढायची गरज नाही. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. दर आधी ठरवून घ्या आणि उचलणाऱ्यांच्या कष्टाचे पैसे कमी करण्यासाठी फार ताणू नका.

एक युक्ती कामाला येते. चढण्यापूर्वीच एखाद्या खानावळीत जेवण सांगून ठेवा : किती माणसं, किती वाजता, मासे की शाकाहारी. दीड-दोन तासांनी उतरलात की ताजं जेवण समोर येतं आणि ऐन गर्दीत ताटकळावं लागत नाही. मासे खात असाल तर त्या दिवशी ताजं काय आलंय ते विचारून मगच सांगा.

वर पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी आहे. भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. लेणी साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच उघडी असतात.

माकडांपासून सावध राहा. हातातली बाटली, पिशवी, खाऊ काहीही ओढून नेतात. खाण्याचे पदार्थ बंद सॅकमध्ये ठेवा आणि माकडांना काहीही देऊ नका. एकानं प्रेमानं दिलेलं बिस्कीट पुढच्या दहा जणांना महागात पडतं.

लेण्यात काय बघाल

बेटावर एकूण सात लेणी आहेत, पाच हिंदू आणि दोन बौद्ध. वेळ द्यायचा तो पहिल्या, मुख्य लेण्याला. ते सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं मानलं जातं. १९८७ साली युनेस्कोनं ही लेणी जागतिक वारसा यादीत घेतली.

बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. दोन-तीन मिनिटं खांबाशी नुसते उभे राहा. डोळे सरावले की समोरच्या दक्षिण भिंतीत सदाशिवाची भव्य मूर्ती हळूहळू स्पष्ट होते. उंची जवळजवळ १८ फूट. याला त्रिमूर्ती म्हणायची पद्धत पडली आहे आणि अनेकजण ब्रह्मा, विष्णू, महेश असं सांगतात. पण ही तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मधलं शांत, डोळे मिटलेलं. आपल्या डाव्या हाताचं मिशा असलेलं, उग्र, ते अघोर किंवा भैरव. उजव्या हाताचं कोवळं, जवळजवळ स्त्रीचं वाटावं असं, हातात कमळ, ते वामदेव किंवा उमा. एकाच दगडात राग, समाधी आणि माया शेजारी-शेजारी बसवली आहे. समोरून बघून झालं की थोडं डावीकडे आणि थोडं उजवीकडे सरकून पुन्हा बघा.

सदाशिवाच्या डाव्या बाजूला अर्धनारीश्वर आणि उजव्या बाजूला गंगाधर आहे. तिथून उजवीकडे वळलात की शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प, कल्याणसुंदर. इथं जरा जास्त थांबा. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण लग्न अजून लागायचं आहे. मान खाली, अंग किंचित संकोचलेलं. मागून वडील, हिमवान, तिला हळूच पुढं करताहेत आणि खाली ब्रह्मदेव भटजी होऊन बसलेत. मोडतोड बरीच झाली आहे, हात तुटलेत, तरी तिच्या लाजण्याला धक्का लागलेला नाही. घरातल्या मुलीचं लग्न केलेल्या कुणालाही हे शिल्प समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच बाजूला चार दारांचं लिंगाचं गर्भगृह आहे आणि प्रत्येक दाराशी दोन-दोन प्रचंड द्वारपाल. पलीकडे अंधकासुराचा वध. आधीच्या लग्नाच्या शिल्पातला तोच शिव इथं संतापानं पेटलेला दिसतो. मुख्य दारातून बाहेर पडताना एका बाजूला नटराज आणि दुसऱ्या बाजूला योगी शिव. पूर्वेच्या दाराजवळ कैलास हलवणारा रावण आहे. सगळं मिळून तास-सव्वा तास सहज जातो. नीट समजून घ्यायचं असेल तर परवानाधारक मार्गदर्शक घ्या, खर्च गटात वाटला जातो.

बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिलं, ते इथं असलेल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. मुलं हत्ती कुठंय असं विचारणार, हे नक्की. उत्तर तयार ठेवा.

शिल्पांना हात लावू नका आणि मुलांना खांबांवर चढू देऊ नका. सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीज अमलात इथं फार नासधूस झाली. जे उरलंय ते पुढच्या पिढीपर्यंत पोचवणं आता आपल्याच हातात आहे.

उरलेला वेळ गावासाठी

पाय धड असतील तर लेण्यांपासून वरची वाट धरून तोफांच्या टेकडीवर जा. वीस-पंचवीस मिनिटांचा चढ, वर दोन जुन्या अवजड तोफा आणि खाली पसरलेला समुद्र. वयस्करांनी हा चढ सोडला तरी चालेल.

त्यानंतर खाली उतरा, जेवा आणि वस्तीकडच्या वाटेनं चाला. हॉर्न नाही, धूर नाही. मुलं रस्त्याच्या मधोमध खेळताहेत आणि कुणी त्यांना ‘बाजूला हो’ म्हणत नाही. आपल्या पोरांचाही हात इथं सोडून द्या. दोन-चार मिनिटं ती बिचकतात, मग पळत सुटतात.

या शांततेची किंमत गावानं मोजली आहे, हेही लक्षात घ्या. मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना इथं वर्षानुवर्षं संध्याकाळचे काही तास जनरेटरवर वीज मिळायची. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून महावितरणनं बेटावर कायमची वीज आणली, ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. आजही दवाखान्याचं मोठं काम, पुढचं शिक्षण, सरकारी कागद, सगळ्यासाठी होडीतून पलीकडे जावं लागतं. वाहनं नसणं ही आपल्याला एका दिवसाची चैन वाटते, पण इथल्या माणसांसाठी ती रोजची अडचणसुद्धा आहे. दुकानात घासाघीस करताना हे आठवलं तर हात आपोआप सैल होतो.

काकडी, कैरी, चिंचा, बोरं विकणाऱ्या मावशी वाटेवर बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्या, दोन शब्द बोला. घरांचे, अंगणातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपण लेण्यांचं तिकीट काढलेलं असतं, कुणाच्या ओसरीचं नाही. नेदरलँड्समधलं खिटहोर्न हे कालव्यांचं, रस्त्यांविना वसलेलं गाव अशाच कारणांनी जगप्रसिद्ध झालं, आणि तिथले रहिवासी आता पर्यटकांच्या झुंडींना कंटाळलेत. घारापुरीवर ती वेळ येऊ नये, एवढी काळजी प्रत्येक पाहुण्याला घेता येते.

प्यायचं पाणी घरून भरून न्या आणि रिकामी बाटली, वेष्टनं, सगळं सॅकमध्ये घालून परत आणा. इथला कचरा बाहेर न्यायचा तर तोही बोटीनंच न्यावा लागतो.

परतीचं गणित

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास टर्मिनसवरून सिंहगड एक्स्प्रेस सुटते आणि दहाच्या आत पुण्यात येते. ती गाठायची तर साडेतीनची बोट पकडा, त्यानंतरची नको. धक्क्यावर रांग असते, म्हणून सव्वातीनला तिथं हजर राहा. साडेचारला गेटवे, पाचला स्टेशन, एक चहा आणि गाडी. दख्खनची राणी पाच-दहाला सुटते. तिच्या मागं धावायचं तर बेटावरचा तासभर कापावा लागतो. तसं करू नका. दगदग वाटत असेल तर दादरला नातेवाइकांकडे मुक्काम करून सकाळी निघा.

समुद्र खवळलेला असेल तर

आरक्षण झालंय आणि वादळाचा इशारा आला, तर माथेरान आहे. तिथंही मोटारींना दस्तुरी नाक्यापुढं मज्जाव आहे. पुण्याहून कर्जत, कर्जतहून लोकलनं नेरळ, तिथून शेअर टॅक्सीनं दस्तुरी आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून पायी किंवा छोट्या रेल्वेनं. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ पासूनची आहे, पावसाळ्यात मात्र नेरळहून वर येणारी गाडी बंद ठेवतात.

निघण्यापूर्वीची तयारी

पकड असलेले बूट किंवा सँडल, टोपी, माणशी दीड लिटर पाणी, ओळखपत्र, सुटे पैसे, बोट लागणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून गोळी, मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड. खर्च माणशी हजार-बाराशेत बसतो, त्यात जेवणही आलं. गट सहा-आठ जणांचा ठेवा. मोठा गट नेला की सगळा दिवस माणसं मोजण्यात जातो. भिशीतल्या मैत्रिणी, ज्येष्ठ नागरिक संघातली चालती-फिरती मंडळी, दहावीची परीक्षा संपलेली मुलं, कुणालाही घेऊन जा. फक्त निघण्याआधी सगळ्यांकडून एक कबूल करून घ्या : बेटावर उतरल्यावर ‘आता पुढं काय’ असं घाईनं कुणी विचारायचं नाही. जे बघायचंय ते सगळं चालत गाठण्याइतक्या अंतरावर आहे.